बी२७ पॉझिटिव्ह: भावाचा अहवाल आणि बहिणीचा

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोन भावंडांचे आहे. ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि काही बारकावे बदलले आहेत. निर्णय जसे घेतले तसेच ठेवले आहेत, चुकलेलेही.

भाऊ आधी आला. वय २९, कंबरदुखी २३व्या वर्षापासूनची. पहाटे चारच्या सुमारास दुखण्याने जाग यायची, उठून खोलीत फेऱ्या मारल्या की कंबर मोकळी व्हायची, दुपारी तो अगदी ठणठणीत. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळला की उलट जास्त आखडायचा. सहा वर्षांत त्याला स्लिप डिस्क सांगून झाली, गादी बदलून झाली, दोनदा सक्तीची विश्रांती झाली आणि त्या विश्रांतीने तो आणखीच जखडला. मधल्या काळात दोन वेळा एकच डोळा लाल होऊन दुखला; डोळे आले असे समजून थेंब दिले गेले. तिसऱ्या वेळी एका नेत्रतज्ज्ञाने स्लिट लॅम्पखाली डोळा पाहिला, डोळ्याच्या मधल्या थराला सूज म्हणजे युव्हायटिस असल्याचे ओळखले आणि विचारले, "कंबर दुखते का?" सहा वर्षांत हा प्रश्न योग्य संदर्भात पहिल्यांदाच विचारला गेला होता.

माझ्याकडे आला तेव्हा निदान अवघड नव्हते. कण्याचा शेवट आणि खुब्याचे हाड जिथे जुळतात ते दोन्ही सॅक्रोइलिअॅक सांधे एक्स-रेवर झिजलेले स्पष्ट दिसत होते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कणा आणि हे सांधे सुजवून हळूहळू आखडवणारा आजार. या आजाराशी जोडलेल्या एचएलए-बी२७ या जनुकप्रकाराची तपासणीही केली, ती पॉझिटिव्ह आली. खरे तर ती केली नसती तरी काही अडले नसते. एक्स-रेने सगळे आधीच सांगितले होते. सूज उतरवणारी औषधे, रोजचा व्यायाम आणि काही महिन्यांनी टीएनएफ हे सूज वाढवणारे प्रथिन रोखणारे इंजेक्शन, एवढ्यावर त्याची पहाटेची झोप परत आली.

निघताना त्याने विचारले, "हे आनुवंशिक असतं का?" मी म्हणालो, "हो, बऱ्याच अंशी." बाहेर रुग्ण थांबले होते. उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. या प्रकरणाची सुरुवात तिथे आहे.

समस्या

आठ महिन्यांनी त्याची धाकटी बहीण आली. वय २६, अर्धमॅरेथॉनची तयारी करणारी, हातात जाड फाइल. दादाकडून "आनुवंशिक" हा शब्द ऐकल्यावर तिने लाळेचा नमुना पाठवून जनुकीय चाचणी करून घेतली होती. अहवालात दोन ओळी लाल रंगात होत्या. एक, बी२७ असण्याची दाट शक्यता. दुसरी, पीटीपीएन२२ या जनुकाचा एक बदल असल्यामुळे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांधे सुजवणाऱ्या आजाराचा धोका वाढलेला.

मग तिने रक्तातून बी२७ ची थेट तपासणी केली. पॉझिटिव्ह. त्याच सुमारास तिची कंबर दुखू लागली. किंवा दुखतच होती, आता लक्ष जाऊ लागले. चार महिने झाल्यावर एका डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. त्यात उजव्या सॅक्रोइलिअॅक सांध्याशेजारी हाडाच्या मज्जेत सूज दाखवणारा एक छोटा पांढरा ठिपका निघाला. रेडिओलॉजिस्टने लिहिले, "सॅक्रोइलिआयटिसशी सुसंगत," म्हणजे त्या सांध्याच्या सुजेशी जुळणारे. तिला बायोलॉजिक, म्हणजे भावाला दिले तशा प्रकारचे इंजेक्शन सुचवले गेले आणि त्याआधी लागणाऱ्या क्षयरोग व कावीळ यांच्या तपासण्याही उरकल्या होत्या. दुसरे मत घ्यावे म्हणून ती आली होती, पण खुर्चीत बसताना तिचे पहिले वाक्य होते: "मला दादाचाच आजार आहे. कधी सुरू करायचं एवढंच सांगा."

जनुक काय सांगते आणि काय नाही

बी२७ आणि हा आजार यांचा संबंध १९७३ मध्ये समोर आला, लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांकडून जवळपास एकाच वेळी. जनुक आणि आजार यांच्यातला इतका घट्ट संबंध वैद्यकात क्वचितच सापडतो. युरोपीय वंशाच्या रुग्णांत अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असलेल्यांपैकी ८५ ते ९५ टक्के लोकांमध्ये बी२७ असते. हा आकडा ऐकला की माणूस घाबरतो, कारण तो नकळत उलटा वाचला जातो. उत्तर युरोपात साधारण ८ टक्के लोकसंख्येत बी२७ आहे, आणि त्यांतल्या शंभरांपैकी फार तर पाच जणांना हा आजार होतो. बाकीचे पंच्याण्णव जण ते घेऊन जन्मभर धावतात, ओझी उचलतात आणि आपल्याकडे काही वेगळे आहे याची त्यांना कल्पनाही नसते.

घरात आधीच एखादा रुग्ण असेल तर गणित बदलते. रुग्णाच्या सख्ख्या भावंडाकडे बी२७ असेल तर त्याला आजार होण्याची शक्यता वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण १० ते २० टक्के निघते. हा धोका सामान्यांच्या कितीतरी पट आहे. तरीही शंभरांतली ऐंशी ते नव्वद भावंडे सुटतात.

एकच जनुक असताना घरातल्यांचा धोका जास्त का? जुळ्यांच्या अभ्यासातून याचे उत्तर मिळते. एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला आजार असेल तर दुसऱ्याला तो असण्याचे प्रमाण ६० ते ७५ टक्के आढळले. एकसारख्या नसलेल्या जुळ्या भावंडांत, दोघांकडेही बी२७ असले तरी, हे प्रमाण साधारण २५ टक्क्यांवर येते. बी२७ दोन्ही ठिकाणी सारखेच, मग फरक बाकीच्या जनुकांचा. आज अशा शंभराहून अधिक जागा माहीत आहेत. त्यांतली इराप-१ या जनुकाची कथा मला फार आवडते. बी२७ या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे ते बाहेर धरून रोगप्रतिकारक पेशींना दाखवते. ते तुकडे आधी मापात कातरून देण्याचे काम इराप-१ करते. या कातरीतल्या बदलांचा आजाराशी संबंध दिसतो, पण मुख्यतः बी२७ असलेल्यांत. ज्याच्या हातात तुकडे द्यायचे तोच नसेल तर कातर कशी चालते याने फरक पडत नाही.

सोबत एक इशाराही. आयएल-२३ या संदेशवाहकाच्या रिसेप्टरचे जनुकही या यादीत ठळक आहे. त्यावरून आयएल-२३ रोखणारी औषधे कण्याच्या आजारात चालतील असा सगळ्यांचा होरा होता. चाचण्यांत ती अपयशी ठरली. त्याच साखळीत पुढे असलेले आयएल-१७ रोखणारी औषधे मात्र चालली. जनुकीय माहितीवरून थेट उपचारावर उडी मारणाऱ्यांनी हा अनुभव लक्षात ठेवावा, मी धरून.

पीटीपीएन२२ ची लाल ओळ मी दोन मिनिटांत बाजूला ठेवली. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस शंभरांत साधारण एकाला होतो. या बदलाची एक प्रत असेल तर तो धोका दुपटीच्या आतच राहतो, म्हणजे शंभरांत दोनाहूनही कमी. "धोका वाढलेला" हे शब्द खरे आहेत, पण एकावरून जेमतेम पावणेदोन झाले तरी अहवालाचा रंग लालच असतो. तिच्या हातांचे सांधे व्यवस्थित होते, ती सिगारेट ओढत नव्हती. ओढत असती तर मात्र मी त्यावर बोललो असतो, कारण रूमॅटॉइडमध्ये धूम्रपान आणि एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे ठरावीक प्रकार एकत्र आले की धोका नुसता मिळवला जात नाही, गुणला जातो.

निर्णयाचा पहिला टप्पा: कागदावर आजार होता

इथे खरी अडचण होती. २००९ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ४५ च्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी, बी२७ पॉझिटिव्ह आणि सोबत यादीतली आणखी दोन लक्षणे असली की माणूस अक्षीय स्पॉन्डिलोआर्थ्रायटिसच्या गटात बसतो; अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस याच गटातला. तिच्याकडे जवळच्या नात्यातला रुग्ण होता. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी दोन दिवसांत बरे वाटले, असेही ती सांगत होती. झाली दोन. वर एमआरआयचा ठिपका. म्हणजे एका नव्हे, दोन वाटांनी ती निकषांत बसत होती. आधीच्या डॉक्टरांनी काही मनाने ठरवले नव्हते. त्यांनी यादी प्रामाणिकपणे भरली होती.

पण हे निकष संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडायला केलेले आहेत. आधी डॉक्टरने निदान करायचे, मग वर्गवारी. उलट दिशेने वापरले की ते फसवतात. आणि तिच्या बाबतीत एक गोष्ट दोनदा मोजली जात होती. भाऊ बी२७ पॉझिटिव्ह ठरला तेव्हाच तिच्याकडे ते असण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या आसपास गेली होती, कारण पालकांपैकी एकाकडून प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. नात्यात रुग्ण असणे निदानाला मदत करते ते मुख्यतः बी२७ असण्याची शक्यता वाढवते म्हणून. बी२७ चा निकाल हातात आल्यावर कौटुंबिक इतिहास निदानात फारशी भर घालत नाही, हे जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवरील अभ्यासांतही दिसले आहे. फाइलमध्ये मात्र तो वेगळा गुण म्हणून उभा होता.

दुसरा टप्पा: ऐकलेले आणि विचारलेले

मी नेहमीचे प्रश्न विचारले. पहाटे जाग येते? हो. सकाळी आखडलेलं असतं? हो. हालचालीने बरं वाटतं? हो. तिन्ही उत्तरे पाठ्यपुस्तकातली, आणि तेच खटकले. दादाची लक्षणे तिला माझ्याइतकीच पाठ होती.

म्हणून प्रश्नावली बंद केली आणि कालचा दिवस उठल्यापासून सांगायला सांगितला. ती बोलत गेली. गजर वाजल्यावर उठली, पाच मिनिटांत बूट घालून बाहेर. आठव्या-नवव्या किलोमीटरनंतर उजवीकडे, कमरेच्या खाली, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखायला लागले. घरी येऊन पडल्यावर कमी झाले. दुपारी खुर्चीत दोन तास बसल्यावर पुन्हा. पहाटेची जाग? ती आठवड्यातून एखाद वेळ, आणि जाग आल्यावर "दुखतंय का ते बघते" असे तिनेच सांगितले. हे दादाचे दुखणे नव्हते. निदान त्याच्यासारखे वागत तरी नव्हते.

तपासताना उजव्या पायावर उभे राहिल्यावर कंबर एका बाजूला किंचित झुकत होती. खुब्याचे स्नायू कमकुवत. कणा वाकत होता, छाती पुरेशी फुगत होती. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, दोनदा पूर्ण नॉर्मल. सोरायसिस, आतड्यांचा त्रास, डोळ्यांचा त्रास काही नाही.

पर्याय

बायोलॉजिक लगेच सुरू करणे हा पहिला. बाजूने: लवकर उपचाराचा फायदा आणि भावाची वाया गेलेली सहा वर्षे. विरुद्ध: आजारच नसेल तर जंतुसंसर्गाचा धोका फुकट पत्करायचा. शिवाय एक फसवी गोष्ट अशी की अशा दुखण्यात आराम पडला तर तो औषधाने पडला की आपोआप, हे कळत नाही. मग औषध थांबवायचा धीर कोणालाच होत नाही, आणि चुकीचे निदान वर्षानुवर्षे जोपासले जाते.

दुसरा पर्याय, "काही नाही, विसरून जा" म्हणून घरी पाठवणे. मला त्याचा मोह झाला होता हे कबूल करतो. पण तिच्या भावाला सहा वर्षे नेमके हेच ऐकवले गेले होते, आणि तिचा धोका शंभरांत दहा-वीस हा काही विसरून जाण्याइतका लहान नाही.

पूर्ण मात्रेत वेदनाशामक देऊन प्रतिसाद पाहणे हा तिसरा. त्यातून फारसे कळले नसते. स्नायूंचे दुखणेही त्या गोळ्यांनी कमी होतेच.

चौथा: धावणे थांबवून फिजिओ, ठिपक्याचे नव्याने वाचन, ठरावीक मुदतीने फेरतपासणी आणि कोणत्या लक्षणांवर लगेच यायचे याची लेखी नोंद. आम्ही हा निवडला. "आम्ही" म्हणतो, पण पहिल्या भेटीत ती राजी नव्हती. "दादालाही वाट पाहायला लावली होती," हे तिचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. दादावर कोणी लक्ष ठेवून नव्हते, तुमच्यावर ठेवले जाईल, एवढेच मी सांगू शकलो.

काय केले

एमआरआय दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवला. पहिल्या वेळी मागणीच्या चिठ्ठीवर "बी२७ पॉझिटिव्ह, भावाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस" असे लिहिले होते. ते वाचून कोणाचेही डोळे सूजच शोधतील. मी फक्त वय, दुखण्याची बाजू आणि "लांब अंतर धावते" एवढेच लिहिले. उत्तर आले: सांध्याच्या मागच्या-खालच्या भागात लहान सूज, हाड कुरतडल्याच्या खुणा नाहीत, चरबी साचल्याच्या खुणा नाहीत, ताणामुळे असू शकते. नियमित धावणाऱ्यांत अगदी याच जागी असे ठिपके दिसतात, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांतही या सांध्याशेजारी दिसतात, आजार नसताना. अर्थात पहिल्याला जास्त सांगितले गेले होते, तसे दुसऱ्याला कमी सांगून मीही निकाल एका बाजूला ढकललाच. बी२७ बद्दल काहीच न लिहिलेली चिठ्ठी निष्पक्ष होती की सोयीची, यावर माझा सहकारी आणि मी अजून वाद घालतो.

तिला समजावताना मी कागदावर शंभर ठिपके काढले, वीस भरले आणि ऐंशी रिकामे ठेवले. टक्केवारीने जे होत नव्हते ते त्या कागदाने झाले. तिने बराच वेळ पाहून विचारले, "मग हे वाईट जनुक टिकलं कसं?" नेमके कसे ते सांगता येत नाही, पण ते सरसकट वाईट नाही एवढे ठाऊक आहे: एचआयव्हीची लागण झालेल्यांत बी२७ असणाऱ्यांचा आजार सरासरीने हळू वाढतो. विषाणूचे तुकडे हे प्रथिन चांगले पकडून दाखवते. हे ऐकून तिचा चेहरा सैल झाला. वैद्यकीयदृष्ट्या त्या माहितीचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

आठ आठवडे धावणे बंद, पोहणे चालू, खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम. लेखी नोंदीत तीन गोष्टी: सकाळचा अर्ध्या तासाहून लांबणारा ताठरपणा सलग काही आठवडे राहिला तर, टाच किंवा बोट सुजले तर, आणि एक डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. चिठ्ठीवर ठळक: "बी२७ आहे, युव्हायटिस पाहावा."

पुढे काय झाले

दहा आठवड्यांत दुखणे गेले. सहा महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये ठिपका पुसट झाला होता. यावरून आजार नव्हताच असे सिद्ध होत नाही. खऱ्या आजारातली सूजही कमीजास्त होते. पण नवीन काही नव्हते, आणि ती पुन्हा धावू लागली.

अडीच वर्षांनी एका संध्याकाळी तिचा उजवा डोळा लाल झाला. दिव्याकडे पाहवेना. ती चिठ्ठी घेऊन त्याच रात्री नेत्रतज्ज्ञाकडे गेली. तीव्र युव्हायटिस. स्टिरॉइडचे थेंब वेळेवर सुरू झाले, काही आठवड्यांत डोळा पूर्ण बरा, नजर शाबूत. भावाला जे कळायला तीन हल्ले लागले ते तिला पहिल्याच संध्याकाळी कळले.

आता घरच्यांना पुन्हा एमआरआय हवा होता. युव्हायटिसने तिचा धोका नक्कीच वर सरकला. बी२७ आणि युव्हायटिस दोन्ही असलेल्यांत कण्याचा आजार बऱ्याच जणांत सापडतो. पण तिची कंबर दुखत नव्हती, ताठरपणा नव्हता. दुखणे नसताना काढलेल्या चित्रात पुन्हा एखादा ठिपका निघाला असता तर त्याचे मी काय केले असते? मी एमआरआय केला नाही. भेटी वर्षाऐवजी सहा महिन्यांवर आणल्या.

आज वेगळे काय केले असते

भावाच्या "आनुवंशिक असतं का?" ला पाच मिनिटे दिली असती. भावंडांना लक्षणे नसतील तर बी२७ तपासू नका, कारण पॉझिटिव्ह आले तरी आज आजार रोखणारे औषध देता येत नाही. पण कंबर आणि डोळा यांची ही लक्षणे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. एवढे बोललो असतो तर लाल ओळींची फाइल कदाचित जन्मलीच नसती. डोळ्याची सूचना तर बी२७ न तपासताही देता आली असती, आणि तिने डोळा वाचवला तो त्या सूचनेने.

धावणे आठ आठवडे पूर्ण बंद करण्याऐवजी निम्म्यावर आणले असते. शर्यत हुकल्याचे तिला दुखण्यापेक्षा जास्त लागले, आणि इतकी कडक बंदी गरजेची होती असे आता वाटत नाही.

युव्हायटिसनंतर एमआरआय न करण्याबद्दल माझे मत अजून पक्के नाही. माझ्याच विभागातल्या दोघांनी तो केला असता.

गेल्या महिन्यात भाऊ आला होता, तान्ह्या मुलीचे फोटो दाखवायला. तिची बी२७ तपासणी करून घ्यावी का, हे विचारायचे त्याच्या मनात होते, पण तोंडून निघण्याआधीच सोबत आलेली बहीण म्हणाली, "दादा, अजिबात नाही." मी खुर्ची पुढे ओढली आणि त्याला पाच मिनिटे दिली.